दुर्बीणबाईंची सुट्टी

"आई, बाटली उलटी का धरलीत?" सुनेनं विचारलं.

बाटली खिडकीच्या उजेडात उलटी धरून बाईंनी मनगटाला एक हिसका दिला, बाटली गर्रकन फिरवली, आत काही तरंगत नाही ना ते डोळे बारीक करून पाहिलं आणि मग समाधानानं ओपनर लावला. पुढच्या क्षणी फेसाचं कारंजं उसळलं. थोडं छताला लागलं, थोडं सुनेच्या केसांवर गेलं आणि उरलेलं सगळं मुलाच्या वर्तमानपत्रावर. बाईंच्या हातात निम्मी बाटली राहिली. अख्खी हयात बिअरच्या कारखान्यात गेली, पण बाटली उघडायची कशी हे त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं.

त्यांचं काम बघायचं होतं. भरलेल्या बाटल्या पट्ट्यावरून यायच्या, त्या उचलायच्या, दिव्यासमोर उलट्या करून फिरवायच्या. काडी, काचेचा कण, केस, काहीही दिसलं की ती बाटली बाजूला. बाईंच्या नजरेतून काही सुटायचं नाही, म्हणून सगळे त्यांना दुर्बीणबाई म्हणत. वर्षअखेरीला कारखाना सुट्टीसाठी बंद व्हायचा तेव्हा पुरुषांना घरी न्यायला बिअरची एकेक पेटी मिळायची आणि बायकांना साबणाच्या वड्या. एकदा बाईंनी सुपरवायझरला विचारलं होतं, आम्हाला का नाही? तो पोट धरून हसला होता. म्हणाला, "बाई, तुम्ही काय करणार बिअरचं? अंघोळ?" बाईंना ते आजतागायत पचलेलं नव्हतं.

नवऱ्याची एकच अट होती, पगार घरात आण, बाटलीचं नाव आणू नकोस. ती त्यांनी नवरा होता तोवर पाळली. आता नवराही नव्हता आणि नोकरीही. होती ती नुसती सुट्टीच. म्हणून यंदा वर्षअखेरीला मुलाचं ऑफिस बंद झालं त्याच दिवशी त्या पिशवी घेऊन दुकानात गेल्या.

"मुलासाठी का, आजी?" दुकानदारानं विचारलं.

"त्याला दूध आवडतं. मला द्या. आणि एक सांगून ठेवते, मी रोज येणार, आणि रोज वेगळी नेणार."

मुलगा भिजलेलं वर्तमानपत्र झटकत म्हणाला, "आई, हे काय म्हातारचळ लागलंय तुला? या घरात हे चालणार नाही."

"चालणार नाही तर मी बसून पिईन," बाई म्हणाल्या आणि खुर्ची ओढून बसल्यासुद्धा.

पहिली त्यांना मुळीच आवडली नाही. औषधासारखी कडू लागली. पण बाई हटल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी गव्हाची आणली, ती गढूळ दिसत होती. बाईंनी सवयीनं ती बादच केली असती, पण दुकानदारानं शपथेवर सांगितलं होतं की ही अशीच असते. ती जिभेवर मऊ लागली. मग एक आंबट आली, तिनं दात आंबले. मग एक काळीकुट्ट. तिला कॉफीचा आणि जरा करपल्याचा वास होता. ती पिताना बाईंनी डोळे मिटून घेतले.

"कशी आहे?" सुनेनं हळूच विचारलं. मुलगा बाहेर गेला होता.

"चाखून बघ की."

"मी? अहो, काहीतरीच काय!" असं म्हणत सुनेनं घोट घेतला, मग आणखी एक घेतला, आणि ओठावरचा फेस पदराला पुसून जोरजोरात कणीक मळायला लागली.

"तुमच्या कारखान्याची का नाही आणत?" तिनं विचारलं.

"शेवटी आणणार. आधी चार ठिकाणची चव कळू दे. नाहीतर आमची चांगली की वाईट, हे मी कशावरून ठरवू? जन्म घातला गं मी तिच्यात, आणि मला ठाऊक नाही ती लागते कशी. कुणी विचारलं तर काय सांगू, दिसायला बरी होती म्हणून?"

सुनेनं कणकेतून हात काढला नाही, पण मळणं थांबवलं.

सुट्टी संपत आली तशी बाईंनी कारखान्याची बाटली आणून फ्रीजमध्ये ठेवली. नेमका त्याच संध्याकाळी मुलगा त्यांच्यासमोर येऊन उभा राहिला.

"आई, उद्या दुपारी साहेब जेवायला येतायत. बायकोला घेऊन. माझ्या बढतीचं त्यांच्याच हातात आहे. उद्याचा दिवस तेवढं राहू दे."

"उद्या सुट्टीचा शेवटचा दिवस आहे."

"मग परवा घे ना! बाटली काय पळून जाते?"

"परवा सुट्टी नाही," बाई म्हणाल्या. पण त्याचा चेहरा पाहून त्यांना राहवलं नाही. लहानपणी परीक्षेच्या आदल्या दिवशी तो असाच दिसायचा. "बरं बाबा. ते गेले की घेईन. झालं समाधान?"

साहेब भला माणूस निघाला. चप्पल जागेवर काढून ठेवली, स्वयंपाकाचं कौतुक केलं. त्याची बायको बाईंच्या शेजारी बसली. बाई इस्त्रीची साडी नेसून, शहाण्या मुलीसारख्या गप्प जेवत होत्या. मुलाचा जीव भांड्यात पडत होता.

"तुम्ही कुठल्या शाळेत होता, आई?" साहेबांच्या बायकोनं विचारलं.

"शाळेत?"

"हे म्हणाले, तुम्ही शिक्षिका होता म्हणून. माझी आईपण शिक्षिका."

बाईंनी मुलाकडे पाहिलं. तो पानातला भात चिवडत होता. मान वर न करता तो हसल्यासारखं करून म्हणाला, "आताशा तिला फारसं आठवत नाही."

खोटी शाळा बाईंनी एक वेळ गिळली असती. पोराच्या बढतीसाठी आईनं काय काय गिळलं नव्हतं! पण आठवत नाही? दिव्यासमोर बसून डोळे सुजायचे ते, पायांना गोळे यायचे ते, याच्या फीच्या दिवशी जादा पाळी मागून घेतलेली ती, सगळं त्यानं एका वाक्यात पुसून टाकलं होतं. बाई हात धुऊन आल्या. येताना फ्रीजमधून बाटली आणि ग्लास घेऊन आल्या आणि दोन्ही टेबलाच्या मधोमध ठेवलं.

"आई!" मुलगा अर्धा उठला.

"बस खाली. जेवणावरून उठू नये." मग त्या साहेबांच्या बायकोकडे वळल्या. "मला सगळं आठवतं हो. शाळेत मी चौथीपर्यंत होते, तीही बाकावर. नोकरी केली ती इथे." त्यांनी लेबलावर बोट ठेवलं. "बाटल्या तपासायचे. याचं शिक्षण, हे घर, सगळं त्यातनंच. चोरी नाही केली, की खोटं बोलावं लागेल. आणि एक थेंब कधी चाखला नाही. आज चाखते. तुमची हरकत असेल तर तोंड फिरवा."

कुणीच तोंड फिरवलं नाही. बाईंनी बिअर ओतली, फेस बसू दिला आणि पहिला घोट घेतला. मग दुसरा. मुलाच्या कपाळावर घाम आला होता.

"कशी आहे?" न राहवून साहेबांनीच विचारलं.

खोटं बोलणं सोपं होतं. सगळे वाटच बघत होते की म्हातारी आता डोळे पुसून म्हणेल, अमृत आहे. डोळे तर त्यांचे खरंच भरून आले होते. पण आठवडाभरात जीभ तयार झाली होती, ती आता ऐकेना. बिअर पाणचट होती. तिला ना वास होता ना अंग, आणि शेवटी घशाला नुसताच कडवटपणा राहत होता.

"फालतू आहे," बाई म्हणाल्या. "अगदीच फालतू."

साहेबांच्या बायकोनं त्यांच्या हातावर हात ठेवला. सुनेनं पदर तोंडाला लावला. मुलगा खाली मान घालून बसला होता, त्याला आईकडे बघवत नव्हतं. बाईंनी ते पाहिलं, त्यांना वाईटही वाटलं, पण त्यांनी एक शब्द मागे घेतला नाही. त्यांनी रिकामी बाटली उचलली, डोळ्यांसमोर धरली आणि सावकाश फिरवली.

"बाटली मात्र स्वच्छ आहे. माझ्या जागेवर जी कुणी बसलीय ना, ती पोरगी काम चोख करते."

एवढं बोलून त्या खुर्चीत ताठ बसल्या आणि ग्लासातली बिअर, कुणाचीही घाई न मानता, तळापर्यंत प्यायल्या.