रविवारचा वीर

चुलीवरच्या पातेल्याचं झाकण खडखडलं, तरी पडवीतून कुणी उठलं नाही. तुळशीदास भाऊंनी टेम्पोतून उतरवलेल्या दगडाकडे आम्ही बघत बसलो होतो. त्यावर कोरलेला घोडा, तलवार, फेटा, पिळदार मिशा. खाली माझ्या नवऱ्याचं नाव आणि त्याखाली दुप्पट मोठ्या अक्षरांत भाऊंचं.

आमच्याकडे माणूस अवचित गेला की त्याच्या नावाचा दगड, म्हणजे वीर, बसवतात. दगड घरच्यांनी धुवायचा, शेंदूर घरच्यांनी लावायचा. एकदा बसवला की माणूस मेला, देवांत गेला. तालुक्याच्या या पुढाऱ्याला यातलं एवढंच कळलं होतं, की अनावरणाला यायला मंत्रीसाहेब रविवारी मोकळे आहेत.

माझा नवरा पंढरी नौदलात अधिकारी. वाघ नदीच्या डोहात पोहायला शिकलेला आमच्या पोशेऱ्याचा पोरगा, नकाशावर जहाजाची वाट आखायचा. पहिल्यांदा पांढऱ्या गणवेशात गावी उतरला, तेव्हा याच भाऊंनी एसटी थांब्यावर विचारलं होतं, "काय रे, कुणाच्या लग्नात बँड वाजवायला निघालास?" पंढरी हसला होता. मी अजून हसलेले नाही. रजेवर आला की तो गुडघाभर चिखलात भाताची आवणी करायचा आणि आमच्या चैतीला बांधावर बसवून वाऱ्याच्या दिशा शिकवायचा.

यंदाच्या युद्धात त्याच्या जहाजाशेजारचं जहाज पेटलं. पाण्यातली माणसं आणायला तो छोटी बोट घेऊन गेला. बोट परतली नाही. नौदलाच्या कागदावर 'बेपत्ता' लिहून आलंय.

भाऊ मला सांगत होते, मंडप ठरलाय, तू नुसती पांढरी साडी नेसून स्टेजवर बस, बोलायचं काही नाही, फोटोत बरं दिसतं.

सासूबाई उठल्या, दगडाभोवती एक फेरी मारून आल्या.

"माझा पोऱ्या कधी घोड्याव बसला नाय," त्या म्हणाल्या. "हा तुझाच कुणी दिसतो. घेऊन जा."

भाऊ माझ्याकडे वळले. "रंजना, तू शिकलेली. म्हातारीला समजाव. साहेबांना काय सांगू मी?"

"सांगा, घरच्यांनी अजून मारला नाही त्याला."

चौघांनी दगड परत टेम्पोत चढवला. भाऊंच्या कडक इस्त्रीच्या पायजम्याला मागून शेण लागलं होतं. कुणीही सांगितलं नाही.

मग मी चैतीला भरवायला बसले. तिनं भाकरीचा घास गालात तसाच धरून ठेवला.

"आई, शाळेत बाईंनी विचारलंय, बाबा आहेत का नाहीत. उद्या काय सांगू?"