पिवळ्या पाण्याची परात

माझी आई पिवळी पडून गेली. थोरली बहीण तशीच गेली. माझी लेक तर डोळ्यांदेखत गेली. आणि आता तिची मुलगी, माझी नात, आमच्याच रंगकारखान्याच्या अंगणात एका बुवापुढे हात पसरून बसली होती. भोवती अर्धी गल्ली लोटली होती.

बुवाने तिच्या तळव्यांना लेप चोळला आणि वरून स्वच्छ पाणी ओतले. परातीत पिवळेधमक थेंब गळू लागले.

“बघा, यकृतातला शाप निथळतोय!” बुवा गरजला. “डॉक्टरांच्या गोळ्या बंदच ठेवा. औषधाला बिचकून शाप आत दडून बसतो.”

“भारीच लाजाळू शाप,” मी म्हणाले.

“आई, थट्टा नको,” जावई कळवळला. “पाणी पिवळं झालेलं तुम्हीही पाहिलंत ना?”

पाहिले होते, पण पोरीचे डोळेही पाहिले होते. गोळ्या थांबवल्यापासून ते अधिकच पिवळे दिसत होते. मी बुवासमोर बसले.

“आता माझे हात धुवा.”

“तुम्हाला कुठे आजार आहे, आईसाहेब?”

“तेच पाहायचंय. धुवा!”

थेंब पिवळेच पडले. “अगं बाई, आजींनाही शाप!” कुणीतरी किंचाळले.

मी आमच्या मिस्त्रींना पुढे बसवले. रेड्यासारखी तब्येत, आणि आमच्याशी रक्ताचे नाते नाही. त्यांचेही पाणी पिवळेच.

“काय हो बुवा, शाप आता पगारी नोकरांनाही लागतो?”

हशा पिकला. मी लेप हुंगला, तर तो झाडाच्या सालीचा रस निघाला. पाणी जिभेला लावले, तर ती चुन्याची निवळी, चुना खाली बसल्यावर उरते ते नितळ पाणी. दोन्ही एकत्र आले की पिवळा रंग उमटतो.

“आपण रंगारी!” मी कडाडले. “सूत आधी एका रसात, मग दुसऱ्या पाण्यात बुडवून जन्मभर रंग चढवला. तेच हातावर घडलं, तर हात जोडलेत?”

गर्दी वळेपर्यंत बुवा फाटकाबाहेर होता.

आम्ही तडक दवाखाना गाठला. “डॉक्टर, मग आमच्याच घरात का?” नातीने विचारले.

“शरीराचं संरक्षण करणारी यंत्रणा चुकून यकृतावरच उलटते, तो हा आजार. काही जनुकांमुळे तसा कल वाढतो, पण तो कल असलेल्या बहुतेकांना आजार होतच नाही. तुझ्या आईला हाच आजार होता. पणजीला काय झालं होतं, हे आज कुणीच सांगू शकत नाही. कावीळ अनेक कारणांनी होते.”

“आणि मी?” मी विचारले.

“तुमच्यातही तो कल असेल, आजी. तरी तुम्ही ठणठणीत आहात.”

शाप असता तर त्याने मला बरे सोडले असते!

डॉक्टरांनी रक्त तपासून गोळ्या पुन्हा सुरू केल्या. पोरीने पहिली गोळी माझ्यासमोर गिळली. हळूहळू तिचे डोळे निवळले, परातीविना.

वाचकहो, रक्तातून कल येतो, शिक्षा येत नाही. चमत्कार दिसला की तो निरोगी माणसावरही करून पाहा. आणि चालू असलेले औषध डॉक्टरांना विचारल्याविना कधीही थांबवू नका. माझी लेक गेली. नात आज सकाळी कामावर गेली आहे.