अठ्ठावीस सेकंदांची किल्ली

कॉलेजच्या पदार्थविज्ञान विभागात सोळा मिलिमीटर फिल्मवर हलती चित्रं घेणारा एक कॅमेरा होता. कोणा परदेशी पाहुण्याने तो भेट दिला होता, आणि भेट मिळालेली वस्तू वापरायची नसते या शिस्तीने तो नऊ वर्षं कपाटात सुखाने नांदत होता. भुकूमहून रोज सायकल हाणत पुण्याला येणाऱ्या वाल्मीक ढमालेने त्याला बाहेर काढलं. परवानगीच्या अर्जावर त्याने ‘धूळ झटकण्यासाठी’ असं कारण लिहिलं होतं. प्राचार्य गोळ्यांनी स्वच्छतेचा आग्रह म्हणून लगेच सही केली.

कॅमेऱ्याला वीज लागत नसे. बाजूची दांडी घड्याळासारखी पिळायची, म्हणजे एका किल्लीत तो अठ्ठावीस सेकंद चाले. मग समोर काहीही चाललेलं असो, तो थांबे.

बाजी मरगळे मात्र चौतीस सेकंद चाले.

बाजी वाल्मीकच्याच वर्गात होता. त्याचा धनगरवाडा मुळशी धरणाच्या वरच्या अंगाला. लहानपणापासून एका डोंगरावरून दुसऱ्या डोंगरावरच्या शेळ्यांना हाका मारून त्याची छाती अशी तयार झाली होती की कॉलेजच्या हुतूतू संघात त्याला घेण्यासाठी कोणाला निवड करावी लागली नाही. वाल्मीकने प्रयोगशाळेतलं घड्याळ लावून त्याचा दम मोजला होता. दहा वेळा मोजला, दहाही वेळा चौतीस.

“तुझा दम सहा सेकंद जास्त हाय,” वाल्मीक म्हणाला.

“मग तुझं यंत्र वाढव.”

“ते वाढत न्हाई.”

“मग मीबी कमी करायचो न्हाई. यंत्रासाठी मानूस आखूड करायचा व्हय?”

शेवटी तोडगा बाजीच्या सवयीनेच काढला. चढाईला गेल्यावर पहिले सहा सेकंद बाजी काहीच करत नसे. तोंडाने दम चालू, पण पाय रेघेच्या कडेकडेने या टोकापासून त्या टोकापर्यंत, संध्याकाळी शेळ्या मोजाव्यात तसा समोरच्या गड्यांकडे बघत. मग एकदम आत. वाल्मीकने ठरवलं, शेळ्या मोजून होईपर्यंत थांबायचं आणि मग दाबायचं. महिनाभर सरावाला तो रिकाम्या कॅमेऱ्याने हे करत राहिला. फिल्म एकच होती.

चौसष्ट सालच्या जानेवारीत आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेचा शेवटचा सामना पौडला ठरला. खेळ खेडोपाडी न्यावेत असं त्या वर्षी वरून आलं होतं. दुसरा संघ पुण्यातल्या एका नामांकित कॉलेजचा होता. त्याचं नाव इथे सांगायची गरज नाही, ते स्वतःच दिवसातून चार वेळा सांगतं.

सामन्याच्या सकाळी प्राचार्य गोळ्यांनी वाल्मीकला बोलावलं. ते नवा कोट घालून होते.

“ढमाले, मुंबईहून समाचारपटवाले येत आहेत. व्यावसायिक माणसं. तेव्हा तुमचं ते खेळणं जरा बाजूला.”

“किती बाजूला, सर?”

“दिसणार नाही इतकं.”

वाल्मीक पौडच्या म्हाताऱ्या गोजराबाईच्या परसात जाऊन बसला. ते परस मैदानाला लागूनच होतं. तिथून मधली रेघ स्वच्छ दिसे आणि प्राचार्य अजिबात दिसत नसत.

मुंबईचे धुरंधरसाहेब तिकाटण्यावरचा मोठा कॅमेरा, दोन मदतनीस आणि एक छत्री घेऊन आले. छत्री कॅमेऱ्यासाठी होती. सामना सुरू व्हायच्या आधीच त्यांनी प्रेक्षकांचा आनंद टिपून घेतला. नंतर ऊन उतरतं म्हणाले. गोजराबाई तेव्हा अंगणातल्या वाळवणावरून टाळ्या वाजवत कोंबड्या हाकलत होती. साहेबांना तो आनंद फार आवडला. त्यांनी तो दोनदा टिपला.

शेवटच्या पाच मिनिटांत बाजीच्या संघात एकटा बाजी उरला. समोर चौघे. तो चढाईला गेला, आणि नेमक्या त्याच वेळी धुरंधरसाहेबांची फिल्म संपली. फिल्म बदलायला उजेड चालत नाही. त्यांनी दोन्ही हात काळ्या थैलीत कोपरापर्यंत घातले आणि अडलेल्या गाईपाशी बसल्यासारखे आभाळाकडे बघत चाचपडू लागले.

बाजीने शेळ्या मोजल्या. वाल्मीकने दाबलं.

पुढचं सगळं पौडला तोंडपाठ आहे. बाजीने पहिल्याला पायाने टिपलं, दुसऱ्याने त्याची मांडी धरली, तिसरा कमरेला, चौथा पाठीवर. बाजी पडला. पडला तरी दम चालू होता. कोपरावर, खांद्यावर, चौघांना घेऊन तो नांगरासारखा ओढत आला, आणि एक हात लांबून रेघेवर पडला. चौघेही बाद, सामना जिंकला. वाल्मीकच्या हातातला कॅमेरा त्याच क्षणी थांबला.

धुरंधरसाहेबांनी थैलीतून हात काढले. “छान! आता पुन्हा एकदा. आणि या वेळी जरा सावकाश.”

बाजीच्या खांद्याची सालटी निघाली होती. त्याने विचारलं, “काय पुन्हा?”

“हेच. ओढत जाणं. तोंड जरा इकडे करा, सूर्य इकडे आहे.”

“सायब, ते चौघं बाद झाल्यात. आता कुनाला वढू?”

“अहो, खोटंखोटं!”

“खोटंखोटं मला येत न्हाई. शिकायला कॉलेजात हाय, पण तिथवर अजून पोचलो न्हाई.”

आणि तो नळावर खांदा धुवायला निघून गेला.

साहेबांचं काही अडलं नाही. समोरच्या संघात एक गोरा, कुरळ्या केसांचा मुलगा होता. त्याला सूर्याकडे तोंड करून ओढत जायला लावलं, म्हणजे त्याला धरलेले चौघेच त्याला रेघेपर्यंत ढकलत गेले. तीन तुकड्यांत चढाई झाली. मध्ये त्याने केस विंचरले. मग प्राचार्य गोळ्यांनी त्यालाच ढाल दिली. ती नीट दिसावी म्हणून त्यांनी पाच वेळा दिली.

एप्रिलमध्ये समाचारपट तयार झाला. पौडला तो दाखवायचा आणि धुरंधरसाहेबांचा सत्कारही करायचा, असं प्राचार्यांनी ठरवलं. तालुक्यात फिरणारी मलेरियाची प्रचारगाडी त्यासाठी मागवली. गाडीत पडदा होता, यंत्र होतं, आणि यंत्र चालवणारा भैरू होता. गेली तीन वर्षं भैरू गावोगाव डासाचा एकच चित्रपट दाखवत होता. पौडची पोरं त्या डासाच्या हालचाली करून दाखवत. भैरूला स्वप्नातही तोच डास दिसे.

वाल्मीकची फिल्म धुऊन केव्हाच आली होती. कार्यक्रमाच्या दुपारी ती घेऊन तो प्राचार्यांकडे गेला.

“सर, समाचारपटात तो केसवाला जिंकलाय म्हणे. ऐकलं ते खरं आहे का?”

“तपशिलात थोडा फरक आहे,” प्राचार्य म्हणाले. “पण कॉलेज दिसतं.”

“कॉलेज कुठे दिसतं?”

“मी दिसतो. नऊ सेकंद.”

“माझ्या फिल्ममध्ये बाजी दिसतो, सर. अठ्ठावीस.”

“आणि मी?”

वाल्मीकने फिल्मचा डबा काखेत धरला.

“एका सामन्याचे दोन निकाल कॉलेजला परवडणार नाहीत,” प्राचार्य म्हणाले. “तुमची फिल्म दाखवायची नाही. कॅमेरा उद्या कपाटात.”

वाल्मीक तिथून सरळ भैरूच्या गाडीकडे गेला. बाजीला त्याने एवढंच सांगितलं, “आज तुझी चढाई न्हाई दिसली, तर ती कायमची त्या केसवाल्याची झाली. तू मेलास तरी.”

“मरायला अजून टाइम हाय,” बाजी म्हणाला. “तू यंत्राचं बघ.”

दिवेलागणीनंतर सगळं गाव शाळेपुढे बसलं. सत्काराला उत्तर देताना धुरंधरसाहेब म्हणाले, “विद्यार्थ्यांनी हौस जरूर करावी. पण ही कला वेगळी. जे झालं ते कोणीही दाखवेल. जे व्हायला हवं होतं ते आम्ही दाखवतो.” प्राचार्यांनी टाळ्या वाजवल्या.

समाचारपट सुरू झाला. व्हायोलिन वाजलं. भारदस्त आवाज म्हणाला की पुण्याच्या सुपुत्राने अजिंक्यपद अक्षरशः खेचून आणलं. कुरळे केस उन्हात चमकले. मग पडद्यावर गोजराबाई आली, जिवाच्या आकांताने टाळ्या वाजवत.

“अगं बया!” अंधारातून गोजराबाई उठली. “त्या केसवाल्यासाठी न्हाई वाजवल्या मी! कोंबड्या हाकलत व्हते!”

“म्हातारे, कोंबड्या कुटं दिसत न्हाईत,” कोणीतरी म्हणालं.

“त्या खऱ्या कोंबड्या कापून टाकल्यात, आन् ही केसवाली कोंबडी ठेवलीत!” तिने पडद्यावरच्या केसवाल्याकडे बोट केलं. “आन् आमचा बाजी कुटं हाय? चौघांना वढत आननारा त्यो?”

“बाजी कुटं हाय?” मागून चार आवाज आले, मग चाळीस. पडद्यावर प्राचार्यांचे नऊ सेकंद सुरू झाले, पण तिकडे कोणाचं लक्ष नव्हतं. खरं तर प्राचार्यांचंही नव्हतं.

“भैरू!” ते ओरडले. “डास लाव!”

“डास अडकलाय, सायब,” भैरू आतून म्हणाला. तीन वर्षांत पहिल्यांदा त्याचा आवाज आनंदी वाटला. “दुसरी एक हाय, ती लावतो.”

धुरंधरसाहेबांनी वाल्मीकच्या हातातला डबा पाहिला आणि सगळं ओळखलं. ते हसले. “लावू द्या. विद्यार्थ्याची फिल्म, आवाज नाही, काही नाही. तुकडे जोडून कोणीही कोणालाही ओढत नेतो. आम्ही नाही का नेलं?”

हे खरं होतं. वाल्मीकची फिल्म अखंड आहे हे त्याला ठाऊक होतं. पण ठाऊक असणं पडद्यावर दिसत नाही.

बाजी पुढे आला. पडद्याच्या कडेला उभा राहिला. “जोडलीया म्हनता? दम जोडता येतोय का, सायब? ही फिल्म सुरू व्हायच्या आदी मी दम घेतो. रेघेवर हात पडायच्या आदी माझा दम तुटला, तर फिल्म खोटी. तुमच्या त्या केसवाल्यालाबी बोलवा, त्याच्या फिल्मला त्यो दम घालंल.”

केसवाल्याला कोणी बोलावलं नाही.

भैरूने दिवा बंद केला. अंधारात बाजीने छाती भरली आणि सुरुवात केली. हुतूतूतूतूतू. पडदा काळाच होता. पोरं चुळबुळ करू लागली. वाल्मीक यंत्रापाशी डोळे मिटून उभा होता, बोटांवर शेळ्या मोजत. सहा.

त्याने भैरूच्या खांद्यावर थाप मारली.

पडद्यावर बाजी आत शिरला. खाली आवाज चालू होता, वर पाय. पहिल्याला टिपलं. मांडी धरली, कंबर धरली, पाठीवर चौथा पडला. वर बाजी पडला, आणि खाली उभ्या बाजीचा आवाजही जड झाला, खांद्यावर ओझं घेतल्यासारखा घोगरा. पण तुटला नाही. गाव उठून उभं राहिलं होतं. टाळी कोणी वाजवली नाही, दम ऐकू आला नसता. गोजराबाई दोन्ही हात छातीशी धरून उभी होती. हुतूतूतू. कोपर. खांदा. हात लांबला. रेघ.

पडदा पांढरा झाला. त्या पांढऱ्या उजेडात बाजी आणखी एक क्षण म्हणतच राहिला, कोणाला शंका राहू नये म्हणून. मग थांबला आणि खाली बसला.

यानंतर जो आवाज झाला तो पिरंगुटपर्यंत गेला असं पौडचे लोक सांगतात. पिरंगुटचे लोक नाकारतात, पण ते नेहमीच नाकारतात.

प्राचार्य गर्दीतून वाट काढत वाल्मीकपाशी आले. कोटाचं एक बटण तुटलं होतं. “ढमाले! परवानगी कोणी दिली?”

“मी मागितली नाही, सर. तुम्ही दिली नसती.”

“कॅमेरा—”

“उद्या कपाटात ठेवतो, सर. परवा धूळ झटकायला काढावा लागेल. अर्ज घेऊन येतो.”

तेवढ्यात धुरंधरसाहेब घाईघाईने बाजीकडे गेले. माणूस व्यावसायिक होता, राग धरणारा नव्हता. त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं.

“अप्रतिम! मरगळे, अप्रतिम! हा आवाज माझ्या समाचारपटाला हवा. आवाज घ्यायचं यंत्र मुंबईला आहे, पुढच्या आठवड्यात घेऊन येतो. अगदी असंच म्हणायचं. पुन्हा एकदा, बस.”

बाजी गुडघ्यांवर हात ठेवून श्वास घेत होता. त्याने वर पाहिलं.

“पुन्हा?” त्याने विचारलं. मग वाल्मीककडे वळून म्हणाला, “वाल्मीक, यास्नी डास दाखव.”

भैरूने नाखुशीने डास लावला.