कोपऱ्यातले दोन गोल

प्रेमलालनं पांढऱ्या शाईच्या छपाईची फ्रेम खिडकीच्या उजेडात धरली आणि एक डोळा मिटून जाळीवरून नजर फिरवली. खालच्या कडेला धानाच्या लोंब्यांची वेल झकास उमटली होती, एक दाणा म्हणून बुजलेला नव्हता. पण वर दोन्ही कोपऱ्यांत एकेक गोल होता. आत अक्षर नाही, चित्र नाही. नुसता अंगठ्याएवढा रिकामा गोल.

"घ्या," तो स्वतःशीच म्हणाला. "इथं काही टाकाचं होतं, अन् बाई विसरली."

बालाघाटात छपाई करता करता त्याची तीस वर्षं गेली होती. पुढच्या खोलीत छापखाना, मागच्या दोन खोल्यांत घर. या तीस वर्षांत बिनचुकीचा मजकूर घेऊन आलेलं गिऱ्हाईक त्याला आठवत नव्हतं. कुणाची तारीख वाराशी जुळायची नाही, कुणाच्या कार्डात सख्खा मामाच गाळलेला असायचा, कुणी घाईघाईत नवरदेवाच्या जागी त्याच्या भावाचं नाव लिहून आणायचं. प्रेमलाल कुणाला काही बोलायचा नाही. मुकाट्यानं दुरुस्त करायचा आणि छापून हातात द्यायचा. चूक दाखवली की माणसाचं तोंड उतरतं, असं तो म्हणे. खरं सांगायचं तर या गोष्टीचा त्याला गर्वच होता, आणि तो थोडाथोडका नव्हता.

या वेळचं गिऱ्हाईक मात्र त्याची स्वतःची लेक होती. मंजुषानं आपल्या लग्नाचं कार्ड स्वतः काढलं होतं, अक्षरं स्वतः निवडली होती, आणि सकाळी आईबरोबर साड्या घ्यायला गोंदियाला जाताना दारातून बजावून गेली होती, "जसं दिलं तसंच छापा बाबा. एक ठिपकाही बदलू नका."

फोन खिशातच होता. प्रेमलालनं तो एकदा बाहेर काढला, नंबरावर बोट नेलं आणि पुन्हा खिशात टाकला. आठ दिवस बापलेकींमध्ये कामापुरतंच बोलणं चाललं होतं. गोलासाठी फोन करायचा म्हणजे आपण होऊन वाकायचं, आणि तेवढं वाकायची त्याची तयारी नव्हती.

सगळं बिनसलं होतं त्या भुऱ्या कागदावरून. लग्नाचं कार्ड कसं असावं? लाल असावं, चकचकीत असावं, वर सोनेरी गणपती असावा. तसा एक गणपतीचा ठसा प्रेमलालनं मंजुषाच्या जन्मानंतर घेऊन ठेवला होता. कागदात गुंडाळून पेटीत जपला होता, आणि कुणी कितीही गळ घातली तरी दुसऱ्याच्या लग्नाला वापरला नव्हता. आणि लेकीनं नागपूरहून काय मागवलं, तर मिठाईच्या खोक्यासारखं भुरं, खरबरीत कार्ड! शेजारच्या घड्याळवाल्या पुनारामनं गठ्ठा पाहिला आणि रंगीत शाई संपली का, असं हसत विचारलं. प्रेमलालच्या ते जिव्हारी लागलं. त्यानं कार्ड दोन बोटांत चोळून पाहिलं होतं आणि मंजुषाला ऐकवलंही होतं, की हा कागद रद्दीपासून केलेला नाही, नुसता तसा दिसावा म्हणून केलेला आहे. नखरे नुसते!

मंजुषानं वाद घातला नव्हता. ती फक्त एवढंच म्हणाली, की लग्नं उरकल्यावर रद्दीवाल्याच्या ठेल्यावरून कार्डांवरचे गणपती वेचून पिंपळाखाली नेऊन ठेवता ते तुम्हीच ना, बाबा? ते खरंच होतं. दर उन्हाळ्यात तो ते करायचा. म्हणून तर त्याला जास्त राग आला.

तर आता त्यानं ब्रश घेतला, जाळीची भोकं बुजवायच्या लुकणात बुडवला आणि दोन्ही गोल व्यवस्थित बुजवून टाकले. जाळी वाळल्यावर कार्डांवर पांढरा हात मारला, तो वाळल्यावर काळ्या शाईत मजकूर छापला. भुऱ्यावर पांढऱ्या लोंब्या अशा उठल्या, की बांधावरून कापणीला आलेलं शेत पाहावं. प्रेमलाल दोन घटका हातात कार्ड धरून उभा राहिला. दिसायला वाईट नव्हतं. हे त्यानं कुणाला सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी लांजीला जायचं होतं. देवानंतरचं पहिलं कार्ड प्रेमलालच्या थोरल्या भावाला, महागूला द्यायचं ठरलं होतं आणि तसा निरोपही गेला होता. महागूची खोड अशी, की अक्षर नंतर वाचणार, आधी कोपरे पाहणार. वरच्या दोन्ही कोपऱ्यांना हळदीचं बोट असेल तरच ते बोलावणं.

शेवंताबाई सकाळीच न्हाऊन ताट घेऊन बसली. वाटीत हळद कालवली, कार्डांचा गठ्ठा पुढ्यात ओढला आणि पहिल्या कार्डाच्या कोपऱ्याला बोट लावलं. हळद कागदानं पिऊन टाकली. तिनं पुन्हा लावलं, जरा जाड लावलं. पिवळेपणा कुठे दिसेना, ओला डाग तेवढा दिसला.

"अवो, हे तं वरण सांडल्यावानी दिसून राह्यलं," ती नवऱ्याला म्हणाली. मग तिनं दुसरं कार्ड घेतलं, तिसरं घेतलं. तिसरंही खाली ठेवलं. "मी हे घेऊन लांजीले नाही येत. मोठे भाऊजी म्हणतीन, तेरवीचं आणलं का?"

मयताच्या तेरवीच्या कार्डाला हळद लावत नाहीत, हे घरात कुणाला सांगायची गरज नव्हती. त्यात मजकूर काळ्या शाईतला. प्रेमलालच्या मनात आलं, मी तर आधीच सांगत होतो. तो ते बोलणारही होता, पण मंजुषा आतून आली. तिनं कार्ड उचललं, कोपऱ्यावरून बोट फिरवलं, मग दुसरं कार्ड पाहिलं, गठ्ठ्याच्या मधलं एक उपसून पाहिलं.

"बाबा, इथं गोल होते."

"हौ," प्रेमलाल म्हणाला. "मले वाटलं, काही टाकाचं राहून गेलं. म्हून बुजवले."

"विचारलं काहून नाही?"

प्रेमलाल गठ्ठ्याच्या कडा सारख्या करायला लागला.

"आईच्या बोटासाठी होते ते," मंजुषा म्हणाली. "भुऱ्या कागदावर पिवळं उठत नाही. खाली पांढरं द्या लागते. तुमीच तं शिकवलं होतं मले."

शिकवलं होतंच. ती तेव्हा चौथीत असेल. छापखान्यातल्या खाकी पाकिटावर पिवळा सूर्य रंगवत बसली होती आणि सूर्य काही केल्या उगवत नव्हता म्हणून रडायला आली होती. प्रेमलालनं तिचं बोट धरून आधी पांढऱ्या शाईचा गोल काढून दिला होता, आणि तो वाळेपर्यंत दोघं त्यावर फुंकर घालत बसले होते. तो विसरला होता. पोरीनं मात्र इतकी वर्षं ते ध्यानात ठेवलं होतं, आणि आपल्या लग्नाच्या कार्डात आईच्या बोटापुरती जागा मोजून राखली होती.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं, त्यालाही ओरडता आलं असतं. तिनं कार्डं नीट रचून ठेवली आणि ती आत निघून गेली.

शेवंताबाईनं हळदीचं बोट पदराला पुसलं. मग खालच्या आवाजात तिनं नवऱ्याला सांगितलं, की मंजुषाची नागपूरची मैत्रीण दोन दिवसांत मशीनवर छापून द्यायला तयार होती. पोरगी नाही म्हणाली. माझ्या लग्नाचं कार्ड माझ्या बाबांच्या हातचं पाहिजे, म्हणाली.

प्रेमलाल उठून छापखान्यात आला आणि स्टुलावर बसला. त्याला स्वतःची लाज वाटली, मनापासून लाज वाटली. जगाच्या चुका दुरुस्त करत तीस वर्षं घालवली आणि घरातलं शहाणपण तेवढं लुकण लावून बुजवलं. नवी फ्रेम करायची तर दिवस जाणार होता, आणि लांजीची गाडी दुपारची होती. त्यानं जुनी फ्रेम उजेडात धरून पाहिली. गोलांवर लुकण कसं गुळगुळीत, कडेपर्यंत बसलं होतं. काम त्याचं नेहमीच चोख असायचं.

मग त्यानं पांढऱ्या शाईचा डबा उघडला, काचेवर थोडी शाई पसरली आणि उजव्या हाताचा अंगठा तिच्यात टेकवला.

या अंगठ्याची एक गंमत होती. शाई आणि थिनर यांच्यात राहून राहून त्याच्यावरच्या रेषा पार झिजल्या होत्या. रेशनच्या दुकानातलं यंत्र प्रेमलालला ओळखायचंच नाही. चारचार वेळा दाबूनही त्याला रिकाम्या हातानं परत यावं लागे आणि मग शेवंताबाईला जावं लागे. त्यानं अंगठा कार्डाच्या उजव्या कोपऱ्यात, जिथं गोल होता तिथंच दाबला आणि उचलला. खाली स्वच्छ पांढरा गोल पडला होता, रेघ नाही की खाच नाही. फ्रेमनं काढलेला म्हटला असता तरी कुणी मानलं असतं.

आधी उजवे कोपरे उरकायचे म्हणून तो एकेक कार्ड घेत गेला. लांजीच्या गठ्ठ्यातली अर्धी झाली असतील, तेव्हा मागून पावलं वाजली. मंजुषा दारात उभी होती. किती वेळ उभी होती कुणास ठाऊक. प्रेमलालनं वर पाहिलं नाही.

"तुयंच बरोबर होतं," तो कार्डाकडे पाहत म्हणाला. "म्या विचाराले पाहिजे होतं."

आयुष्यात त्यानं हे वाक्य किती जणांना ऐकवलं असेल, तर बहुधा कुणालाच नाही. मंजुषा आत आली. तिनं वाळलेल्यांतलं एक कार्ड उचललं आणि त्या पांढऱ्या गोलाकडे बराच वेळ पाहिलं. मग आईची हळदीची वाटी घेऊन आली आणि गोलावर बोट टेकवलं. पिवळं असं उठलं, की मागच्या खोलीच्या दारातून शेवंताबाईला दिसलं.

"आता कसं!" शेवंताबाई म्हणाली, आणि डोळे पुसत साडी बदलायला वळली.

मंजुषानं दुसरं स्टूल ओढलं. बाह्या वर केल्या, काचेवरच्या शाईत आपला अंगठा टेकवला.

"एक कोपरा तुमचा," ती म्हणाली. "दुसरा माझा."

मग बापलेक समोरासमोर बसून काम करायला लागले. तो उजवीकडे दाबून कार्ड पुढे सरकवायचा, ती डावीकडे दाबून वाळत घालायची. त्याचा गोल कोरा, आणि तिच्या गोलात एकूण एक रेष उमटलेली, भोवऱ्यासकट. प्रेमलाल ते चोरून पाहत होता. हात चालत राहिले, बोलणं फार झालं नाही, पण आठ दिवसांतलं अवघडलेपण कुठं गेलं ते दोघांनाही कळलं नाही.

मध्येच एका कार्डावर तिचा अंगठा घसरला. गोल तिरका पडला आणि थोडी शाई फरफटत लोंबीपर्यंत गेली. मंजुषा तोवर पुढच्या कार्डाकडे वळली होती. प्रेमलालचा हात सवयीनं थिनरच्या चिंधीकडे गेला. चिंधीचं टोक ओलं होतं. एक पुसणं, की काम झालं असतं.

त्यानं चिंधी खाली ठेवली, ते कार्ड दोन्ही हातांनी उचललं आणि तसंच वाळत घातलं.