पलटणीचा उपास

संयोगिताच्या कादंबरीवरचा सिनेमा बघायला तिचे आबा उंब्रजहून साताऱ्याला आले, ते कडक इस्त्रीचा सदरा घालून आणि फेटा बांधून. आबा म्हणजे फौजेतून निवृत्त झालेले सुभेदार कृष्णात. डोळे अधू, त्यामुळे कादंबरी त्यांनी वाचलीच नव्हती, आणि त्यातलं एक पान वाचून दाखवायचा लेकीला धीर होत नव्हता. निदान पडद्यावर ते आबांना दिसावं, एवढ्याचसाठी तिने सिनेमाला होकार दिला होता.

गोष्ट घरचीच. ती नऊ वर्षांची आणि धाकटा जयराज सहाचा असताना आबांबरोबर ती दोघं कोयनेच्या रानात वाट चुकली, ती तीन दिवस. जवळ होत्या सहा दशम्या. रोज पोरांना एकेक देताना आबा म्हणायचे, "माझा उपास हाय." सोमवारी महादेवाचा, मंगळवारी गणपतीचा. बुधवारी देव आठवेना, तर म्हणाले पलटणीचा! पोरांनी तेही खरं मानलं.

सिनेमावाल्यांना उपास कशाला हवा? त्यांच्या पडद्यावरच्या बापाने विळ्याने बिबट्या लोळवला, रानडुक्कर भाजून खाल्लं, वर एक गाणंही म्हटलं. थिएटरात दहा डोकी, त्यातली दोन घोरत होती. दशमी काही दिसली नाही. संयोगिताला रडूच फुटायचं बाकी होतं.

बाहेर एसटी स्टँडवर बाकावर टेकल्यावर आबा म्हणाले, "झ्याक हुता की. पर म्या बिबट्या कवा मारला गं?"

"वाटोळं केलं त्यांनी, आबा. तुमास्नी दावायचं हुतं त्येच काढलं. तवा तुमचा उपास न्हवता. तिन्ही दिवस."

आबांनी वाकून बुटाची नाडी सोडली आणि पुन्हा बांधली. "कवा कळलं तुला?"

"माझं पोर भुकेनं रडलं तवा."

"आन् पुस्तकात लिवलंस?"

"व्हय. समद्यांनी वाचलं, तुमी सोडून."

आबांनी फेट्याच्या शेवाने डोळे पुसले. "पलटण लय हसंल गं."

तिने डबा उघडला. घरून आणलेल्या दशम्यांपैकी एकच उरली होती. आबांनी डबा तिच्याकडे सरकवला. "तू खा. माझा आज..."

"आबा!"

ते ओशाळून हसले. मग दशमी मोडून अर्धी तिच्या हातावर ठेवली, आणि लेकीच्या आधी पहिला घास स्वतः खाल्ला.