निवांत खोलीतल्या खुर्चीचे गाऱ्हाणे

मी एक जुनी हिरवी आरामखुर्ची आहे आणि मित्रांनो, मी रागावलेली आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुठे माझा आवाज चढला तर तुम्ही दचकणार नाही. खुर्चीने रागवायचे नसते, आलेल्याला मुकाट्याने धरायचे असते, हे मला ठाऊक आहे. पण ज्यांनी मला विकत आणले, त्यांनी माझ्या मऊपणाचा जो उपयोग केला तो सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

माझा जन्म करगंदा शहरातल्या एका लहानशा कारखान्यात झाला. बर्चच्या लाकडाची चौकट, आत मेंढीची लोकर आणि घोड्याचे केस, वरून जाड हिरवे कापड. मला घडवणारा म्हातारा मोठा हट्टी होता. ज्या खुर्चीत त्याला स्वतःला डुलकी लागत नसे, ती तो दुकानात ठेवतच नसे. माझ्यात तर तो चक्क घोरला. त्याची बायको आतून ओरडली, “अहो, उठा की! गिऱ्हाईक दारात उभं आहे आणि तुम्ही त्याच्याच खुर्चीत झोपलाय.” ते गिऱ्हाईक म्हणजे गवताळ माळापलीकडच्या पोलाद कारखान्याचा माणूस होता. तो हसला आणि त्याने मला उचलले. माझ्या आयुष्यातली ती पहिली शाबासकी.

त्या कारखान्याला खुर्ची का हवी होती, ते ऐका. भट्टीच्या विभागात छताजवळून एक भली मोठी क्रेन फिरते. तिच्या आकड्याला वितळलेल्या पोलादाची बादली लटकलेली असते. बादली म्हटले तरी तिच्यात एक अख्खी खोली मावेल. ही क्रेन कुन्सुलू नावाची बाई चालवत असे. उंचावरच्या एवढ्याशा केबिनमध्ये, उकाड्यात, एकटी. आमच्याकडे क्रेनवर बहुतेक बायकाच असतात, कारण त्यांचा हात हलका असतो असे सगळे मानतात. एके दिवशी जुनी साखळी घसरली, बादली कलली आणि पोलाद सांडले. खाली दाउकेन नावाचा कामगार होता. तो वाचला, पण त्याचा पाय भाजला तो कायमचा अधू झाला. चौकशी झाली, दोष साखळीचा निघाला, साखळी बदलली. कुन्सुलूला मात्र ‘तू कशी आहेस’ असे कोणी विचारले नाही. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा वर चढली.

त्यानंतर विभागाचे काहीतरी बिनसले. माणसे क्षुल्लक कारणावरून एकमेकांच्या अंगावर जाऊ लागली. कपडे बदलायच्या खोलीत एक धट्टाकट्टा गडी हमसून हमसून रडला. तेव्हा मालकांनी ठरवले की कामगारांच्या मनाला विसावा हवा. भिंतींना फिकट रंग दिला, पडदे लावले, झऱ्याच्या पाण्याचा आवाज ऐकवणारे यंत्र आणले आणि मला आणले. दारावर पाटी लागली, ‘निवांत खोली’.

मला ठेवले ते दारापासून सर्वांत लांब. आमच्या लोकांत त्या जागेला ‘तोर’ म्हणतात. ती पाहुण्याची, मानाची जागा. आपण ज्याला तोरावर बसवले, त्याच्या केसालाही धक्का लागू द्यायचा नाही, ही घरधन्याची जबाबदारी. खोली उघडली त्या दिवशी एका वयस्कर बाईने शुभशकुन म्हणून माझ्यावर गोळ्या-मिठाया उधळल्या. एक चॉकलेट माझ्या फटीत अडकून बसले आणि उन्हाळ्यात वितळले. त्याचा डाग अजून आहे.

खोलीचा कारभार झाउरेश बाईंकडे होता. मनाचे दुखणे ऐकून घेणे हे त्यांचे काम. सगळे त्यांना आपाय म्हणत, म्हणजे ताई. सुरुवातीची वर्षे खरोखर छान गेली, ते नाकारणार नाही. माणसे येत, पाठ टेकत, चहा पीत, बोलत. आपाय ते ऐकत आणि मग विभागप्रमुखाकडे जाऊन भांडत. केबिनमध्ये पंखा लागला. ज्याची आई अंथरुणाला खिळली होती त्याला पाळी बदलून मिळाली. भोंग्यावरून शिव्या देणाऱ्या मुकादमाला समज मिळाली. त्या वेळचे विभागप्रमुख म्हातारे होते, कटकट करत पण ऐकत. मला वाटे, हे सगळे माझ्यामुळे होते आहे. मी तेव्हा फार शेफारले होते.

दाउकेन तर रोज यायचा. अधू पाय लांब करून माझ्यात रुतायचा आणि म्हणायचा, “आपाय, ही खुर्ची माझ्या बायकोपेक्षा समजूतदार आहे. बसल्या बसल्या काही कामं सांगत नाही.”

“घरी जाऊन सांगू का तुमच्या बायकोला?” आपाय विचारत.

“सांगा. तिला माहीतच आहे.”

कुन्सुलू मात्र कधीच आली नाही. मग म्हातारे विभागप्रमुख निवृत्त झाले आणि वलिखान आले. तरतरीत, गोड बोलणारे, प्रत्येकाचे नाव लक्षात ठेवणारे. साधारण त्याच सुमारास दाउकेनने एकदा कुन्सुलूला जवळजवळ हाताला धरूनच आणले.

“आपाय, हिला बसवा,” तो म्हणाला. “मला वरून बघताना हिचं तोंड पांढरंफटक पडतं. मी म्हटलं, बाई गं, पाय माझा भाजला, तू का लंगडतेस?”

“गप्प बसा हो अगा,” कुन्सुलू म्हणाली. अगा म्हणजे थोरला भाऊ. “तुमची जीभ भाजली असती तर बरं झालं असतं.”

तो हसत निघून गेला. कुन्सुलू दाराजवळच्या स्टुलावर टेकली. आपायने माझ्याकडे बोट केले, तर म्हणते कशी, “मी कुठे एवढी मोठी, तोरावर बसायला?”

“इथे जो दमला तो मोठा,” आपाय म्हणाल्या.

ती बसली. अवघडून, पाठ न टेकता. बराच वेळ ती मुलीच्या शाळेबद्दल आणि महागड्या बुटांबद्दल बोलत राहिली. मग चहाचा पेला खाली ठेवून एकदम म्हणाली, “आपाय, बादली उचलताना माझा उजवा हात बधिर होतो. खाली कोणी दिसलं की मला तोच दिवस दिसतो. मी डाव्या हाताने उजवा धरते आणि चालवते. हे मी कोणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही.”

माझ्या हातावर तिची बोटे इतकी घट्ट रुतली होती की कापडाची वीण उसवली.

“मी वलिखानशी बोलू का?” आपायने विचारले.

“बोला. मलाही भीती वाटते, खाली माणसं असतात. पण क्रेन काढून घेऊ नका म्हणावं. थोडे दिवस कोणी शेजारी बसलं तर माझा हात ताळ्यावर येईल. मला दुसरं काही येत नाही, आपाय. आणि हे मला फार चांगलं येतं.”

“क्रेन तुझीच राहील. माझा शब्द.”

तेव्हा कुठे तिने पाठ टेकली. किती हलकी बाई होती म्हणून सांगू! आणि उठून गेली तेव्हा आणखी हलकी झाली होती.

दुसऱ्या दिवशी वलिखान खोलीत आले. तेही तोरावर बसले, म्हणजे माझ्यावर. आपायने कुन्सुलूचे सगळे सांगितले. त्यांनी चहा घेतला, बाउरसाक, म्हणजे पिठाचे तळलेले गोळे, खाल्ले, बोटे पुसली आणि म्हणाले, “बरं झालं सांगितलंत. यासाठीच तर ही खोली आहे. सोमवारपासून एक जोडीदारीण तिच्याबरोबर वर बसेल. महिनाभर दोघी मिळून चालवतील. हात सुधारला की हिची क्रेन हिला.”

“नक्की?”

“आपाय, मी तुमच्या तोरावर बसून बोलतोय.”

मित्रांनो, हे वाक्य मी माझ्या कापडाने ऐकले आहे. त्यात एका शब्दाची भर घातलेली नाही.

सोमवारी कुन्सुलू क्रेनच्या शिडीपाशी गेली, तेव्हा वर तोख्तार नावाचा दुसरा चालक बसलेला होता. एकटाच. शिडीजवळ मुकादम उभा होता. त्याने कुन्सुलूला सांगितले की तुमची नेमणूक सफाईच्या बायकांत झाली आहे, झाडू तिकडे मिळेल. ती थेट निवांत खोलीत आली. बसली नाही. पाठोपाठ आपायने बोलावल्यावरून वलिखानही आले.

“माझी क्रेन कुठे आहे?” तिने विचारले.

“कुन्सुलू, शांत व्हा. तुमच्या भल्यासाठीच केलंय,” वलिखान म्हणाले. “हात बधिर होतो हे तुम्ही स्वतः कबूल केलंत. आता मला कळल्यावर मी तुम्हाला वर बसू दिलं आणि काही झालं, तर मान कोणाची जाणार?”

“मी मदत मागितली होती. गुन्हा कबूल केला नव्हता. शेजारी बाई द्यायचं ठरलं होतं ना?”

“त्याला माणूस कुठून आणू? दोन माणसं एका खुर्चीवर बसवायला वरचे मला परवानगी देतील का?”

“महिन्यानंतर देणार परत?”

वलिखान खिडकीबाहेर बघू लागले. कुन्सुलू आपायकडे वळली. “आपाय, तुम्ही बोला. शब्द तुमचा होता.”

मी जीव मुठीत धरून वाट पाहिली. आपाय पडद्याच्या झालरीशी चाळा करत राहिल्या. ज्या बाई पंख्यासाठी भांडल्या होत्या, त्या कुन्सुलूसाठी भांडल्या नाहीत. झऱ्याचे पाणी मात्र यंत्रात खळखळ वाहत होते. ते बंद करण्याचेही कोणाला सुचले नाही.

“मला वर ठेवायचं नव्हतं तर नसतं ठेवलं,” कुन्सुलू म्हणाली. “पण इथे बसवून, चहा पाजून काढून घ्यायला नको होतं.”

ती गेली. मला तोंड असते तर त्याच वेळी बोलले असते. केसाने गळा कापला तिचा, आणि तो केस माझ्या गादीतला होता, असे मला आजही वाटते.

ही बातमी विभागात पसरायला जेवणाची सुट्टीही लागली नाही. त्यानंतर माझ्यावर बसायला कोणी येईना. दाउकेनसुद्धा येईना. एकदा दारातून डोकावून म्हणाला, “मीच तिला ओढत आणलं, आपाय,” आणि आत न येताच गेला. पाहुणे मात्र येत. वलिखान त्यांना पडदे दाखवत, मला थोपटत, “आम्ही कामगारांच्या मनाचीही काळजी घेतो,” म्हणत. पाहुणे माझ्यात बसून फोटो काढत आणि माझे कौतुक करत. ते कौतुक मला टोचायचे.

रिकामी खोली वाईट दिसते म्हणून पुढे हुकूम निघाला, प्रत्येकाने महिन्यातून एकदा येऊन बसायचेच. म्हणून तोख्तार आला. बसताच मला त्याची भीती कळली. त्याचा शर्ट घामाने पाठीला चिकटला होता.

“झोप लागते ना?” आपायने विचारले.

“मस्त.”

“कामाचा ताण?”

“कसला ताण, आपाय? वरून गार वारा, खाली देखावा.”

पुढच्या महिन्यात तेच, त्याच्या पुढच्या महिन्यातही तेच. आपायला कळत नव्हते असे नाही. पण एकदा त्यांनी जरा खोदून विचारले, तर तो उठत म्हणाला, “मला झाडू आवडत नाही, आपाय.” मग त्यांनी विचारणे सोडले.

शेवटी व्हायचे ते झाले. तोख्तारने भरलेली बादली खांबावर आदळली. पोलाद मोकळ्या जमिनीवर सांडले, म्हणून कोणी मेले नाही. तो खाली उतरला तो शिडीच्या पायथ्याशीच बसला. चौकशीत त्याला विचारले, त्रास होत होता तर सांगितले का नाहीस? तोख्तार म्हणाला, “कुन्सुलूने सांगितलं होतं.”

आता सर्वांचे डोळे उघडतील असे तुम्हाला वाटेल. मलाही वाटले होते. पण वलिखान म्हणाले की एवढी खोली देऊनही माणसे बोलत नाहीत, तर खोलीचा उपयोग काय? खोलीला कुलूप लागले. दोष माझ्या माथी आला. मला उचलून अंगणातल्या सफाईच्या पत्र्याच्या खोलीत टाकले, बादल्या आणि झाडूंच्या मधोमध.

तिथे कुन्सुलू होती. तिने मला ओळखले. बाकीच्या बायका खूश झाल्या, मऊ खुर्ची आली म्हणून. ती मात्र उलट्या बादलीवर बसते. हिवाळ्यात पाठ दुखते तिची, उठताना भिंतीला धरते, पण माझ्याकडे पाहत नाही. माझ्याशी असे कोणी वागले नव्हते, आणि तिला बोल लावायला मला जागाही नाही.

नोकरी सोडून जाताना झाउरेश आपाय एकदा तिथे आल्या. “मी त्या दिवशी बोलायला हवं होतं,” त्या म्हणाल्या. कुन्सुलूने त्यांना चहा ओतला, काठोकाठ. आमच्याकडे आवडत्या माणसाला चहा थोडा थोडा देतात, म्हणजे तो पुन्हा मागेल आणि बसून राहील. भरलेला पेला म्हणजे प्या आणि निघा. आपाय तो उभ्या उभ्याच प्यायल्या.

गेल्या आठवड्यात बाल्झान नावाची एक नवी बाई कामावर आली. पन्नाशीची, नुकतीच विधवा झालेली. दिवसभर बर्फ उपसून ती माझ्यात येऊन कोसळली आणि तिला रडू फुटले. “काय सांगू तुम्हाला,” असे म्हणून तिने सुरुवात केली, तेवढ्यात दाराशी मुकादम आला, हात चोळत, चहासाठी.

कुन्सुलू बादलीवरून उठली, तिने बाल्झानच्या हातात पेला दिला आणि हळूच म्हणाली, “बस खुशाल. पाठ टेक. पण बोलू नकोस.”

बाल्झानने डोळे पुसले. मुकादमाने विचारले, “काय झालं हो?” ती म्हणाली, “कुठे काय? मस्त चाललंय.”

मित्रांनो, उद्या तुमच्यापैकी कोणाच्या हाताखाली माणसे काम करतील. त्यांच्यासाठी खुर्ची, पडदे, झऱ्याचा आवाज, हवे ते आणा. पण दमलेल्या माणसाचे ऐकल्यावर आपण त्याच्यासाठी काय करणार, हे आधी ठरवा, आणि ते करा. ते ठरत नसेल, तर कृपा करून त्याला ‘बसा’ म्हणू नका.