झोपायला नेमलेली चिप

मित्रांनो, मी एक जुनी चिप आहे. नखाएवढी, काळी, दोन्ही बाजूंना बारीक पाय असलेली. माझं पूर्ण नाव 'कमी विजेवर चालणारी मोडेम चिप', पण एवढ्या लांबलचक नावानं मला आजवर कोणी हाक मारलेली नाही. टेलिफोनच्या तारेतून माणसाचा आवाज जातो, अक्षरं जात नाहीत. म्हणून मी अक्षरांच्या शिट्ट्या करते आणि त्या तारेत सोडते. पलीकडे माझ्यासारखीच दुसरी चिप त्या शिट्ट्या ऐकते आणि त्यांची पुन्हा अक्षरं करते.

मला एकाच गोष्टीसाठी वाखाणलं जाई. मी फार थोडी वीज खाते. काम संपलं की लगेच झोपायचं, अशीच मला घडवलेली. कारखान्यात टोप्या आणि पांढरे झगे घातलेल्या बायकांनी मला तपासलं, तेव्हाही त्यांना एवढंच बघायचं होतं की ही पटकन झोपते का. तुम्ही वर्गात डुलकी काढली तर बोलणी बसतात. मला त्याबद्दल शाबासकी मिळाली. पण खरं सांगू? मला गाढ झोप कधी लागलीच नाही. स्वभाव चुळबुळ्या, त्यात ज्या घरी गेले तिथे झोप लागणं कठीणच होतं.

एका लहानशा यंत्रात मला बसवलं. खाली टाइपरायटरसारखी बटणं, वर एक ओळभर पडदा, पोटात चार सेल. घरात त्याला सगळे पेटी म्हणत. ज्यांना ऐकू येत नाही त्यांनी फोनवर लिहून बोलावं, म्हणून ही पेटी. आमच्या घरात ऐकू येत नव्हतं ते बाबांना. त्यांनी उमेदीची सारी वर्षं बॉयलरच्या कारखान्यात पत्रे ठोकण्यात घालवली होती. "माझे कान कारखान्यानं खाल्ले," असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, आणि सांगताना त्यांची मान जरा ताठ होई. लेक दुसऱ्या गावी शाळेत शिक्षिका होती. तिनंच दोन पेट्या घेतल्या, एक इथे आणि एक तिच्याकडे. तिच्या पेटीत माझी जुळी बहीण होती.

पेटीवर बोलायचा एक नियम असतो. एका वेळी एकानंच लिहायचं. आपलं सांगून झालं की शेवटी 'बोल' असं लिहायचं, मग दुसऱ्यानं सुरू करायचं. दोघांनी एकदम लिहिलं तर शिट्ट्या एकमेकींत अडकतात आणि पडद्यावर नुसता काला होतो. लेकीला हा नियम लगेच अंगवळणी पडला. बाबांना काही केल्या पडेना. बटणं कसली, ते पत्रेच ठोकत! नळ गळतो, प्लंबर आला, प्लंबरला अक्कल नाही, शेजारच्यानं पुन्हा स्कूटर फाटकात लावली, मी त्याला काय सुनावलं, त्यावर तो काय म्हणाला असेल. लेक पलीकडे आपली पाळी येण्याची वाट बघत बसे. ती यायच्या आत बाबा लिहीत, "बरं ठेवतो, आई हाक मारतेय." हाक मारतेय म्हणे! त्यांना हाक ऐकू येत असती तर माझी गरजच काय होती?

आईचं वेगळंच. बापलेकीचं लिहिणं सुरू झालं की ती स्वयंपाकघरातला दुसरा फोन हळूच उचले. तिला फक्त माझ्या शिट्ट्या ऐकू येत. "मेली कशी किंचाळते!" म्हणून ती फोन ठेवून देई. पण तेवढ्यात कुकरची शिट्टी तारेत शिरलेली असे आणि इकडे पडद्यावर चार भलतीच अक्षरं उमटत. बाबा कपाळाला आठ्या घालत, पण बोलत काही नसत.

आता ती माझ्यावर लक्ष का ठेवी ते सांगते. आईला लेकीचे आवाजाचे फोनही येत. तेव्हा मला काम नसे, पण तार तीच. मी अर्धवट झोपेत सगळं ऐके. एके दिवशी लेक म्हणाली, "आई, डॉक्टर म्हणाले, आता हे कमी कमीच होत जाणार. मला ऐकू येणं बंद होणार गं. आणि हे घरातूनच आलंय म्हणे. बाबांकडून."

"अगं, पण त्यांचं कारखान्यामुळे ना?"

"कारखान्यानं थोडं लवकर झालं असेल, एवढंच. मी सांगू का त्यांना?"

"मुळीच नको! माझी शपथ आहे तुला. जन्मभर कारखान्याच्या नावानं खडे फोडले, आता स्वतःच्या नावानं फोडत बसतील. घास जायचा नाही त्यांच्या घशाखाली."

"मग कसं निभवायचं ते विचारू कोणाला? मागच्या बाकावरची मुलं काय बोलतात ते मला कळत नाही. ती हसली की वाटतं, मलाच हसली. मी नोकरी सोडतेय आई. या महिन्याअखेर राजीनामा देणार."

आई म्हणाली, "सोड. पण बाबांना कळू देऊ नकोस."

मित्रांनो, त्या दिवसापासून माझी झोप उडाली. बहिरेपण घेऊन दिवस कसे काढायचे, हे अख्ख्या घरात एकाच माणसाला ठाऊक होतं, आणि नेमकं त्याच्यापासूनच ते लपवलं जात होतं. मला सगळं माहीत, पण मी कोण? कोणी बटण दाबलं तरच शिट्टी वाजवणारी. लेकीनं एकदोनदा धीर करून मध्येच लिहिलंही, "बाबा, मला". ते बाबांच्या गळक्या नळात मिसळून गेलं. राग यायचा मला बाबांचा. अहो, जरा श्वास घ्या, तिला बोलू द्या! महिना संपत आला होता आणि नळाची गोष्ट काही संपत नव्हती.

मग एका दुपारी आई बाहेरच्या खोलीत लेकीशी फोनवर बोलत होती. बाबा समोर बसून बुटांना पॉलिश करत होते. आईचं तोंड त्यांना पाठ होतं. इतरांशी ती ओठातल्या ओठात बोले. तोंड मोठं करून, हात हवेत आपटत, एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणायची तिची तऱ्हा फक्त बाबांसाठी राखलेली होती. आणि आज ती फोनवर तशी बोलत होती. फोनवर, जिथे पलीकडच्याला तोंड दिसतही नाही! बाबांचा ब्रश थांबला. हे सगळं त्यांनी पुढे लेकीला लिहिलं, म्हणून मला इतकं बारीक ठाऊक आहे.

आई फोन ठेवून आत गेली. बाबा उठले, पॉलिशचे हात तसेच घेऊन माझ्यासमोर बसले आणि लेकीचा नंबर फिरवला. मला वाटलं, आला नळ. पण त्यांनी एवढंच लिहिलं, "तुला ऐकू येत नाही का. बोल."

इतक्या महिन्यांत हा शब्द त्यांच्या हातून पहिल्यांदाच उमटला होता. पलीकडून काहीच येईना. शपथ आडवी येत असणार. मग एकेक अक्षर येऊ लागलं. "नाही येत बाबा." आणि मग धरण फुटल्यासारखं सगळं आलं, डॉक्टर, वर्ग, हसणारी मुलं, राजीनामा. "आणि हे आपल्या घरातूनच", एवढं येतं न येतं तोच पडद्यावर काला झाला. आईनं आत फोन उचलला होता.

"ठेव तो फोन!" बाबा इतक्या जोरात ओरडले की शेजारच्यानं खिडकीतून डोकावून पाहिलं. म्हणजे आई आत फोन उचलते हे त्यांना पहिल्यापासून कळत होतं तर! आईनं फोन ठेवला. पडदा स्वच्छ झाला आणि त्यावर अक्षरं उमटली, "तुमच्याकडून आलंय बाबा. आईनं शपथ घातली होती. बोल."

बाबांनी वाचलं. पुन्हा वाचलं. मग एक अक्षरही न लिहिता उठून आत गेले.

तार चालू होती. लेक वाट बघत होती. "बाबा?" थोड्या वेळानं, "रागावलात का? बोल." मग, "मी तुम्हाला दोष देत नाहीये. बाबा?" मी ती अक्षरं पडद्यावर मांडत होते आणि खोलीत वाचायला कोणी नव्हतं. माझ्या आयुष्यात इतकी तगमग मी कधी अनुभवली नाही. आतून कपाटाचं दार आपटल्याचा आवाज आला. "अहो, निदान तिला काहीतरी लिहा तरी!" आई म्हणत होती, पण बाबांची तिच्याकडे पाठ होती. ते काहीतरी बोलले आणि मग बाहेरचं दार लागलं.

आई बाहेरच्या खोलीत आली. पेटीला तिनं आजवर फडकं मारण्यापुरताच हात लावलेला होता. पडद्यावरचं वाचून ती पेटीसमोर बसली. मग एका बोटानं, एकेक अक्षर शोधत लिहू लागली. "ते निघाले. बॅग घेऊन. तुझ्याकडे. म्हणाले माझ्याकडून आलंय ना मग मीच जातो."

शेवटी 'बोल' लिहायचं तिला ठाऊक नव्हतं. लेक थांबली, थांबली, आणि शेवटी नियम मोडून तिनं लिहिलं, "आई, तू लिहितेस?"

"हो. हळू येतं. थांब."

बाबा लेकीकडे पुष्कळ दिवस राहिले. राजीनामा दिला गेला नाही. त्यांनी तिला वर्गातली बाकं अर्धगोल मांडायला लावली, म्हणजे प्रत्येक मुलाचं तोंड दिसेल. उजेड बोलणाऱ्याच्या तोंडावर पडेल असं बसायला शिकवलं. आणि म्हणाले, "पहिल्याच दिवशी मुलांना सांगून टाक, मला कमी ऐकू येतं, माझ्याकडे बघून बोला. मी कारखान्यात कधी सांगितलं नाही. ऐकू आल्यासारखा हसत राहिलो, आणि एकटा पडलो." घरी परतल्यावरही बाबा नळाबद्दल लिहीतच, पण अधूनमधून त्यांना 'बोल' सुचू लागलं.

पुढे सगळ्यांच्या खिशात पडदे असलेले फोन आले. पेटी माळ्यावर गेली. सेल काढायला मात्र सगळे विसरले, ते गळले आणि माझे दोन पाय गंजले. तुम्ही एखादं यंत्र ठेवून देताना आधी त्याचे सेल काढा, एवढं माझ्यासाठी कराच. इथे अंधार आहे, काम नाही, आता हवं तितकं झोपता येईल. पण झोप येत नाही. खाली माणसं बोलत असतात आणि मी आपली कान देऊन असते, कोण कोणापासून काय लपवतंय म्हणून. मित्रांनो, ज्याला ऐकू येत नाही त्याच्यापासून एखादी गोष्ट लपवायला काहीच कष्ट पडत नाहीत. पाठ वळवून बोललं की झालं. ते इतकं सोपं आहे, म्हणूनच करू नका.